हनुवटीची हाक

कप्तानबाईंना एक खोड आहे. कुणी बोलायला लागलं की त्या आधी त्याच्या हनुवटीकडे बघतात. दूधवाला असो, डॉक्टर असो, नाहीतर दारावर मतं मागायला आलेला उमेदवार असो. तो काय म्हणतोय ते त्यांना जरा उशिरानेच ऐकू येतं. धाकट्या भावाचं लग्न झालं आणि भावजय घरात आली, तेव्हा बिचारी कितीतरी दिवस रुमालाने तोंड पुसत फिरायची. शेवटी तिने धीर करून विचारलंच.

"वन्सं, माझ्या तोंडाला काही लागलंय का?"

"नाही गं. सवय आहे माझी."

"ही कसली सवय? माणसं डोळ्यांत बघून बोलतात."

"डोळे लांबून दिसत नाहीत," कप्तानबाई म्हणाल्या, आणि भाजी चिरायला बसल्या.

भावजयीला त्याचा अर्थ कळायला बरीच वर्षं जावी लागली. तोवर ती या घरात मुरली होती आणि नणंदेला टोमणे मारायचा पूर्ण हक्क तिने कमावला होता.

कप्तानबाई देशाकडून खेळल्या, हे आता गल्लीतल्या जुन्या माणसांनाच ठाऊक आहे. नवीन माणसांना वाटतं, 'कप्तान' हे नाव त्यांच्या ताठ चालण्यावरून पडलं असेल. वीजबिलाच्या कचेरीतली त्यांची नोकरी खेळामुळेच लागली होती. खिडकीच्या आत बसून त्यांनी उभा जन्म लोकांची बिलं दुरुस्त करून दिली, आणि खिडकीबाहेरच्या माणसाला कधी समजलं नाही, की ही बाई सलामीला जाऊन परदेशी गोलंदाजांचा चेंडू नाकासमोरून सोडायची. त्यांनीही कुणाला सांगितलं नाही. सांगायला गेलं की 'सलामीला तुमच्याबरोबर कोण होतं?' हा प्रश्न यायचाच. त्याचं उत्तर त्यांना जड जायचं.

सलामीला त्यांच्याबरोबर रेडिओ होती.

हे नाव संघातल्या मुलींनी ठेवलेलं. ती बोलत नसे म्हणून रेडिओ. मुळात ती मुलींच्या शाळेत आठवीत नवीन आली, तेव्हा बाईंनी नाव विचारलं आणि तिला ते सांगता येईना. पहिल्याच अक्षरावर गाडी अडली. मान ताणली, डोळे मिटले, अख्खा वर्ग खिदळायला लागला. शेजारच्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या पोरीने, म्हणजे आपल्या कप्तानबाईंनी, तिच्या वहीवरचं नाव वाचून मोठ्याने सांगितलं. तिथून दोघी एका बाकावर.

मैदान मुलींना मिळायचं ते भर दुपारी, जेव्हा मुलांना उन्हाचा कंटाळा यायचा. पॅड मुलांच्या संघाचे टाकलेले. ते एवढे मोठे, की पट्टे दोनदा गुंडाळले तरी पळताना गुडघ्यावर थाडथाड वाजायचे. रेडिओची बॅट मात्र अशी सरळ यायची, की बघणारी खेळशिक्षिका शिट्टी वाजवायची विसरायची. घोटाळा एकच. धाव घ्यायची की नाही, हे समोरच्या जोडीदाराला ओरडून सांगावं लागतं. 'हो' म्हणायचं, नाहीतर 'नको'. रेडिओचा 'न' अडायचा, आणि 'ह' तर त्याहून वाईट. शब्द ओठाबाहेर पडेपर्यंत कुणीतरी धावबाद झालेलं असायचं. मुली म्हणायला लागल्या, हिच्याबरोबर आम्ही जाणार नाही. बोलणाऱ्याच्या एरंड्या विकल्या जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, ते हे असं.

एका दुपारी रेडिओ मैदानाच्या कठड्यावर पाठ करून बसली होती. कप्तानबाई तिच्याजवळ गेल्या.

"तू बोलूच नकोस. हनुवटी वर केलीस की मी येते. खाली घेतलीस की थांबते. बास."

रेडिओने हनुवटी वर केली.

त्याचा सराव त्यांनी रस्ता ओलांडताना केला. शाळेसमोर मोठा रहदारीचा रस्ता होता. एकीने या कडेला उभं राहायचं, दुसरीने त्या कडेला, आणि फक्त समोरचीची हनुवटी बघून ओलांडायचं, गाड्यांकडे ढुंकूनही बघायचं नाही. कप्तानबाईंच्या आईने एकदा हा प्रकार पाहिला आणि त्या दिवशी दोघींच्या पाठीत धपाटे बसले. पण विद्या अंगात उतरली ती उतरलीच.

पुढे दोघी जिल्ह्याच्या संघात गेल्या, मग राज्याच्या, आणि मग देशाच्या. आज ऐकून नवल वाटेल, पण देशाचा संघ गावोगावच्या शाळांच्या वर्गांत झोपायचा. बाकं जोडून अंथरुणं घालायची. फळ्यावर आदल्या दिवशीची गणितं तशीच, आणि त्यांच्या खाली दुसऱ्या दिवशी खेळणाऱ्या अकरा जणींची नावं. पहिली दोन नावं कुणी वाचायचंसुद्धा नाही. ती ठरलेलीच असायची.

खेळायला उतरण्याआधी रेडिओ भिंतीकडे तोंड करून प्रार्थना म्हणायची. तेव्हा ती कधी अडखळायची नाही, शब्द कसे पाण्यासारखे वाहायचे. कप्तानबाईंनी एकदा विचारलं, "देवाशी बरं सरळ बोलता येतं तुला?"

"द... देवाला घाई नसते," ती म्हणाली.

परदेशातल्या एका सामन्यात दोघींनी दुपारभर एकही हाक न मारता फलंदाजी केली. कोट घातलेली तिकडची म्हातारी माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिथल्या वर्तमानपत्रात आलं, की या दोघी एकाच दोरीला बांधल्यासारख्या पळतात. मुलींनी ते कात्रण रेडिओच्या उशीला टाचणीने लावलं. वर लिहिलं, 'आजच्या बातम्या संपल्या.' सगळ्यांत मोठ्याने हसली ती रेडिओच.

कप्तानबाईंना आजही त्या दुपारच्या धावा आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच, की समोर, खेळपट्टीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी होतं, आणि त्याला आपल्या पोटातलं कळत होतं.

मग संघाला नवे प्रशिक्षक आले. सर माणूस वाईट नव्हता, शिस्तीचा होता. पुरुषांच्या क्रिकेटमधून आलेला, पहाटे सगळ्यांआधी मैदानावर हजर. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "हाक मारल्याशिवाय कुणी पळणार नाही. चेंडूवर नजर, जोडीदारावर कान."

कप्तानबाई म्हणाल्या, "सर, ती बघते. आम्ही दोघी बघतो."

"बघून धावा होत नाहीत, पोरी."

त्यानंतरचा सामना घरच्या मैदानावर होता. तिसरा आणि शेवटचा दिवस. रेडिओ शंभराच्या अगदी उंबरठ्यावर आली होती. देशातल्या कुठल्याही बाईने तोवर तिथे पाऊल टाकलेलं नव्हतं. तिने चेंडू हलकेच पुढे ढकलला. समोर, गोलंदाजाच्या टोकाला कप्तानबाई उभ्या होत्या. आठवडाभर सरांनी घोटून घेतलं होतं, म्हणून त्या चेंडूकडे बघत राहिल्या आणि कान देऊन थांबल्या. हाक आली नाही, नकारही आला नाही. नकार नाही म्हणजे होच, असं धरून त्या पळत सुटल्या. अर्ध्याहून पुढे गेल्यावर त्यांनी मान वर करून पाहिलं, तर रेडिओ आपल्या जागेत उभी, तोंड उघडं, आणि हनुवटी छातीला टेकलेली.

परतायला वेळ नव्हता. कप्तानबाई तशाच पुढे जाऊन तिच्या शेजारी पोचल्या. दोघी एकाच टोकाला. चेंडू दुसऱ्या टोकाकडे फेकला गेला, पण तिथल्या गोलंदाजाच्या हातून निसटला. खेळाचा नियम सोपा आहे. रेडिओ आपल्या जागेत पाय रोवून उभी राहिली असती, तर बाद झाल्या असत्या कप्तानबाई. तिने फक्त उभं राहायचं होतं. कप्तानबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आणि रेडिओ जागा सोडून निघाली. पलीकडच्या टोकाकडे, पोचता येणार नाही हे स्पष्ट दिसत असताना.

ती बाद होऊन तशीच आत गेली. बॅट काखेत, मान सरळ. कप्तानबाई दिवस मावळेपर्यंत खेळल्या, सामना वाचला. आत आल्या तेव्हा फळ्यावर पुढच्या सामन्याची नावं लिहिलेली होती आणि पहिल्या ओळीत एकच नाव ओळखीचं होतं. सर म्हणाले, ज्याला हाक मारता येत नाही, त्याची जबाबदारी मी घेऊ शकत नाही. रेडिओची पिशवी खुंटीवर नव्हती. ती संध्याकाळच्या बसने गेली होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, की जोडीदारावर संतापून तिने आपली विकेट फेकली. कप्तानबाईंनी ते वाचलं, आणि तो काटा जो रुतला तो रुतलाच. त्यांनी पुढे दोनदा फोन केला. कुणीतरी उचलला, श्वास ऐकू आला, आणि मग फोन ठेवल्याचा आवाज. फोन म्हणजे रेडिओला साप, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी मन म्हणायचं, एवढी आपली माणसं आपण, एक अडखळता शब्द काढता आला नसता? रागच असणार.

त्या पुढेही खेळल्या. संघाच्या कप्तान झाल्या. पण धावबाद होण्यात त्यांनी नाव काढलं. नवी जोडीदारीण 'हो' म्हणून ओरडायची, आणि या तिच्या हनुवटीकडे बघत उभ्या. पोरी मागून म्हणायच्या, "कप्तानला बाद करायला चेंडू कशाला लागतो? हाक मारा, पुरे." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. गुडघे कुरकुरायला लागले तशा एक दिवस थांबल्या. लग्नाचा योग आला नाही, आणि आलाही असता तरी त्यांना समोरच्या माणसात काय शोधायचं होतं ते सांगता आलं नसतं.

यंदा गावातल्या मैदानावर प्रेक्षकांसाठी नवा मंडप उभा राहिला. त्यानिमित्त जुन्या खेळाडूंचा छोटासा सामना ठेवला. संघटनेच्या चिटणिसाचा फोन आला.

"कप्तानबाई, सलामीला तुम्हीच. नाही म्हणायचं नाही."

"माझ्याबरोबर कोण?"

"कुणीही. गंमत म्हणून तर खेळायचं."

"रेडिओला बोलावलंत?"

"त्यांचा फोन उचलतात, पण कुणी बोलतच नाही हो."

कप्तानबाईंनी फोन ठेवला. भावजय दारात उभी राहून सगळं ऐकत होती. हे काम ती फार मन लावून करते.

"जाऊन या की एकदाच्या," ती म्हणाली. "इतकी वर्षं माझी हनुवटी बघताय. माझ्या हनुवटीचाही जीव मेटाकुटीला आला."

"आणि तिने तोंड फिरवलं तर?"

"तर फिरवलेलं तोंड तरी बघायला मिळेल. मी येते सोबत. देवाचं नाव घ्या आणि चपला घाला."

रेडिओ दुसऱ्या गावी थोरल्या बहिणीजवळ राहायची. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात जुनी पुस्तकं बांधायचं काम करायची. बसमध्ये हे ऐकल्यावर भावजय म्हणाली, "बघा, जिथे बोलायला बंदी, तिथेच नेमकी नोकरी. देवाला माणसांची सोय लावता येते म्हणायची." कप्तानबाई हसल्या नाहीत. बॅट धरावी तशी त्यांनी समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली होती.

वाचनालयाच्या मागच्या बाजूला लांबट खोली. खळीचा वास, लाकडी दाबयंत्र, दोऱ्याची रिळं, पाठी उसवलेल्या पुस्तकांच्या चळती. खिडकीशी एक पांढऱ्या केसांची बाई बसून पुस्तकाला टाके घालत होती. तिने वर पाहिलं. हातातली सुई तशीच राहिली.

भावजय नको तेव्हा बोलते, पण हवं तेव्हा नाहीशीही होते. "मी जरा वर्तमानपत्रं चाळते," म्हणून ती निघून गेली.

कप्तानबाईंनी बसमध्ये काय काय ठरवलं होतं. तब्येत विचारायची, बहिणीचं विचारायचं, मग हळूच विषय काढायचा. त्यातलं काही झालं नाही. उभ्या उभ्याच त्यांनी विचारलं,

"त्या दिवशी तू जागा का सोडलीस?"

रेडिओचे शब्द अडखळत आले, पूर्वीसारखेच. ते सगळं अडखळणं लिहिण्यात अर्थ नाही. कप्तानबाईंनी मधे एकही शब्द तिच्या तोंडात घातला नाही.

"तू बघितलंस ना माझ्याकडे."

"मग?"

"मग काय? तू बघितलंस. आठवडाभर बघितलं नव्हतंस. वाटलं, पळायचंय. पळाले."

"अगं, शंभर होत होते तुझे! मला बाद होऊ द्यायचंस. पेपरात आलं, तू माझ्यावर चिडलीस."

रेडिओने सुई पुस्तकात खोचली. "पेपर मला विचारायला आला नव्हता."

कप्तानबाई स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांचा काटा, आणि तो रागाचा नव्हताच. जे दोघींनी रस्त्याच्या दोन कडांना उभं राहून शिकलं होतं तेच झालं होतं, फक्त एक क्षण उशिरा. त्यांना हसू आलं की रडू, ते त्यांनाच कळेना.

"मी फोन केला होता. दोनदा."

"माहीत आहे. दोन्ही वेळा मी हनुवटी वर केली होती," रेडिओ म्हणाली, आणि स्वतःच खळखळून हसली. हसताना ती कधीच अडखळायची नाही.

हसणं थांबल्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू यायला हवं होतंस. फोनवर दिसत नाही गं."

कप्तानबाईंनी मग मंडपाचं सांगितलं, सामन्याचं सांगितलं. "चल माझ्याबरोबर. एकदा. दोन चेंडू खेळू आणि परत येऊ."

रेडिओने टेबलाखालून पाय बाहेर काढला. गुडघ्यावर शस्त्रक्रियेचा जाड व्रण होता, आणि टेबलाला काठी टेकवलेली होती. मग तिने हनुवटी छातीला लावली.

कप्तानबाईंनी एकदाही आग्रह केला नाही. तो नकार होता. त्या नकारासाठी त्यांनी शब्द मागायचे नाहीत, हे फार पूर्वी ठरलेलं होतं.

परतीच्या बसमध्ये भावजयीने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"नाही म्हणाली."

"मग तुमचा चेहरा असा का फुललाय?"

"किती स्पष्ट म्हणाली!" कप्तानबाई म्हणाल्या.

सामन्याच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. कप्तानबाईंच्या जोडीला एक डावखुरी होती, त्यांच्या नंतरच्या पिढीतली, घसा असा की तिची हाक मंडपाच्या पत्र्यावरून परत यायची. "काळजी करू नका, मी ओरडते, तुम्ही पळा," तिने आधीच सांगून टाकलं.

कप्तानबाई गोलंदाजाच्या टोकाला उभ्या राहिल्या. मनात देवाचं नाव घेतलं. सवयीने समोर पाहिलं. डावखुरीच्या पलीकडे, मैदानाच्या कडेला पांढरा पडदा होता, आणि पडद्याच्या शेजारी एक खुर्ची. खुर्चीत काठी आडवी धरून कुणीतरी बसलं होतं. डोक्यावर देशाची जुनी टोपी, उडालेल्या रंगाची. भावजय मागे उभी राहून तिच्यावर छत्री धरत होती. म्हणजे सकाळपासून गायब होती ती या उद्योगात.

इतक्या लांबून हनुवटी दिसत नाही. पण टोपीचं टोक दिसतं.

पहिलाच चेंडू डावखुरीने ढकलला आणि आरोळी ठोकली, "हो! पळा!" टोपी खाली झुकली. कप्तानबाई जागच्या हलल्या नाहीत. डावखुरी अर्ध्यातून धापा टाकत परत गेली.

"अहो बाई, मी हाक मारतेय! तुम्ही बघताय कुठे?"

"बघत्येय, बघत्येय," कप्तानबाई म्हणाल्या.

पुढचा चेंडू तिच्या पायाला लागून बाजूला घरंगळला. डावखुरी ओरडली, "नको, नको!" टोपीचं टोक वर गेलं. आणि कप्तानबाई निघाल्या. गुडघे, चष्मा, वय, सगळं मागे टाकून. डावखुरी शिव्या घालत उलट्या दिशेने पळाली. कुणीतरी घाईने चेंडू फेकला, तो स्टंपांना चुकवून पार मंडपाकडे गेला.

कप्तानबाई त्या टोकाला पोचल्या. पडद्याच्या बाजूच्या टोकाला. मागून डावखुरीचा आवाज आला, "दोन आहेत! परत या! आरामात दोन!"

दुसरी धाव खरंच सहज होती. लहान पोरानेही घेतली असती.

कप्तानबाईंनी बॅट रेषेच्या आत टेकवली. सगळं मैदान 'पळा, पळा' म्हणत असताना त्यांनी पाठ फिरवली, आणि त्या खुर्चीकडे बघत तिथेच उभ्या राहिल्या.